इशाऱ्याची पाटी

रक्तपेढीच्या अहवालांतून रक्तगट शोधणारा, पर्ल या संगणकभाषेतला प्रोग्राम मृणालिनी खांबेटे सांभाळायची. विभागप्रमुख दाबकेसाहेबांनी हट्टाने त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातले ठरावीक साचे शोधण्याची, एक प्रायोगिक सोय वापरायला लावली. तेव्हापासून प्रोग्राम चालवला की पर्ल बजावायचं, ‘ही सोय प्रायोगिक आहे, पुढे बदलू शकते.’

“साहेब, सोय बदलली तर रक्तगट चुकेल, माणूस दगावेल,” मृणालिनीने चौथ्यांदा सांगितलं.

“मग तो इशारा बंद करा! दिसला नाही की कटकट संपली,” म्हणत साहेब घरी निघाले. लिफ्टवर ‘बिघाड, वापरू नये’ ही पाटी पाहून ते जिन्याकडे वळले.

मागोमाग आलेल्या, वैतागलेल्या मृणालिनीने पाटीच उतरवली. “साहेब, इशारा काढलाय. आता खुशाल लिफ्टने जा.”

साहेब पायरीवरच थबकले.

“पाटी परत लावा, खांबेटेबाई,” ते पुटपुटले, “आणि ती सोय काढून टाका.”