तेरदाळकर बाईंचा तंबोरा

“मग यात माझी चूक कुठे, चाचा?”

दस्तगीरने तंबोरा अमीनचाचांपुढे ठेवला. मिरजेच्या त्या गल्लीत चाचांनी जन्मभर तंबोरे घडवले. दस्तगीर त्यांचा शागीर्द. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत एकट्याने केलेला हा त्याचा पहिला तंबोरा. त्यावर लावलेली कारागिराच्या नावाची पट्टीही त्याचीच. तोच तंबोरा परत आला होता. गायिका तेरदाळकर बाईंचा निरोप होता, खर्ज गुदमरतो.

“बाईंनी ठेवून घेतला तर पट्टी राहील,” चाचा म्हणाले. “नाहीतर काढू.”

दस्तगीर पेटला. “जवारी मी स्वतः काढलीय. तारेखालची घोडी घासून घासून बोटं सोलली. इथून गेला तेव्हा घुमत होता. बाईंच्या घरात ओल आहे. तारा त्यांनीच जास्त ताणल्या असणार. आणि वय झालं त्यांचं. कान थकलेत.”

कारागीर चुकला की हवा चुकते, गिऱ्हाईक चुकतं. ही रीत जुनीच.

“कानाची जवारी काढता येत नाही,” चाचा म्हणाले, “नाहीतर तीही काढून दिली असती.”

दस्तगीर हसला नाही.

“वाजव. आणि तुझं म्हणणं सांगत राहा. थांबू नको.”

दस्तगीर वाजवू लागला, बोलू लागला. ओल, खुंट्या, बाईंच्या शिष्येचा जड हात...

“खर्ज कसा वाटला?”

“... पुन्हा वाजवतो.”

पुन्हा तेच. बोट तारेवर, तोंड ओलीवर.

“आता?”

दस्तगीरने खर्ज ऐकलाच नव्हता.

चाचा पुढे सरकले. लाखेचा वास येणारा तळवा त्यांनी त्याच्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तार छेडली.

...

खर्ज उठला, फुलू लागला आणि मध्येच विझला.

दस्तगीरचे कान तापले. चाचांचा हात झटकावा, ओलीचं पुन्हा सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. चाचांनी हात काढला, तरी तो बोलला नाही.

तार सैल करून त्याने बाजूला सारली. कानस उचलली. घोडी घासली, तार चढवली, ऐकलं. नाही. पुन्हा उतरवली. समोरच्या चहावर साय धरली, बाहेर ऊन कललं. तो उठला नाही.

शेवटी खर्ज घुमला आणि घुमतच राहिला.

“झालं, चाचा. ऐका.”

“मला कशाला ऐकवतोस? गाणार कोण आहे?”

“म्हणजे... बाईंकडे मीच जाऊ?”

“मग काय, तंबोरा चालत जाईल?”

दस्तगीरने गवसणी चढवली, तंबोरा खांद्याला लावला. उंबऱ्यात थबकला.

“आणि त्यांनी पुन्हा खोट काढली तर?”

“कानस घेऊन जा.”