हिरवी घरं

फार पूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट मी लहानपणी ऐकली. तिच्यातली बाई कुंभारीण होती की बुरुडीण, हे आता खात्रीने सांगवत नाही. कुंभारीण धरू या.

त्या राज्यात एक म्हातारा कारागीर सोंगट्यांचे कापडी पट रंगवत असे. दर जत्रेला तो त्याच खेळाचा नवा पट आणी आणि लोक वर्षभर त्याची वाट पाहत. पट विकायला काढण्याआधी तो त्या कुंभारणीला खेळायला बसवी, कारण तिच्याइतकं गावात कोणी हरत नसे. ती वैतागून उठू लागली की तिची सोंगटी जिथे मेली तिथे तो एक हिरवं घर रंगवी. त्या घरातली सोंगटी कोणाला मारता येत नसे.

त्याचा शिष्य हसे. "बाबा, हिचा हात लागला की कवड्यासुद्धा रुसतात. हिच्यासाठी खेळ कशाला बिघडवता?"

"तुला जिंकायला कोणीतरी हरणारं लागतंच ना रे, मुडद्या?" कुंभारीण म्हणे.

म्हाताऱ्याची नजर अधू झाली, तेव्हा शिष्याने त्याला घरी बसवलं. जाताना म्हातारा एवढंच म्हणाला, "पट आता तुझा. पण तिला बोलवत जा."

शिष्याने तिला बोलावलं नाही. त्याने राजधानीतले निष्णात खेळाडू बसवले. ते म्हणाले, हिरवी घरं पुसून टाका. त्याने पुसली. पहिल्या जत्रेत वाहवा झाली. दुसऱ्या जत्रेत निष्णात तेवढे आले. तिसऱ्या जत्रेत तेही आपसांत भांडून उठले आणि पट गुंडाळलेले तसेच परत आले.

शिष्य गुरूच्या दारी गेला. "बाबा, हिरवी घरं कुठे रंगवायची, तेवढं सांगा."

म्हातारा म्हणाला, "मला कसं कळणार? मी पटाकडे बघतच नव्हतो. तिच्या तोंडाकडे बघत होतो. आहे कुठे ती?"

ती केव्हाच लेकीच्या गावी निघून गेली होती. शिष्य मरेपर्यंत अंदाजाने हिरवी घरं रंगवत राहिला. त्या पटांवर कोणी बसलं नाही.

खेळ जिंकणाऱ्याच्या नावाने गाजतो, पण हरणाऱ्याला पुन्हा बसावंसं वाटतं म्हणून टिकतो.

हे सगळं खरं असेल का, अशी शंका मला पुष्कळ वर्षं होती. मग एका देवळाच्या कोठीत त्या म्हाताऱ्याच्या हातचा म्हणून जपलेला एक पट पाहायला मिळाला. मधल्या, जिंकण्याच्या घराचा रंग अजून शाबूत होता. हिरव्या घरांचं कापड मात्र बोटांनी इतकं झिजलं होतं, की त्यातून आरपार दिसत होतं.