धुरंधरसेन राजाचे तीन खेळ

एका राज्यात धुरंधरसेन नावाचा राजा होता आणि त्याला शहाणपणाचा भारी सोस होता. लेक कुंदकळी जन्मली, तेव्हा एका चेटकिणीने बारशाला भातुकली आणली. राजाने ती परत पाठवली आणि पाळण्यापाशी व्याकरणाचे पंडित बसवले. चेटकीण म्हणाली, "जी खेळणार नाही, ती दगड होईल." राजाने तेही मनावर घेतले नाही.

चौथ्या वाढदिवशी कुंदकळीची पावले दगडाची झाली. मग मात्र राजाची पाचावर धारण बसली. खिडकीतली साळुंकी म्हणाली, "महाराज, सूर्य मावळायच्या आत तिच्याशी तीन खेळ खेळा. ती हसली तर सुटली. नाहीतर पुतळ्यासाठी चौथरा बांधायला घ्या."

राजाने आधी ज्योतिषाकडून मुहूर्त काढून घेतला. त्यातच दुपार कलली.

पहिला खेळ भातुकलीचा. कुंदकळीने मातीचा लाडू पुढे केला. पण राजाचा घास आधी आचाऱ्याने चाखायचा, अशी रीत होती. आचाऱ्याने लाडू चाखला आणि तो आडवा झाला. दगड गुडघ्यांपर्यंत चढला.

दुसरा लपंडावाचा. राजा पलंगाखाली शिरला. पण महाराज कुठेही बसले की ललकारी द्यायची, ही चोपदाराची रीत. तो गरजला, "महाराज पलंगाखाली विराजमान झाले होऽऽ!"

"सापडलात," कुंदकळी म्हणाली. दगड कमरेपर्यंत आला.

राजाच्या मनात आले, एवढीशी पोर, आणि तिला काय आवडते हेही आपल्याला ठाऊक नाही! त्याने मुकुट काढून ठेवला, सगळ्यांना बाहेर घालवले आणि विचारले, "बाळ, तुला काय खेळायचंय?"

असे तिला कोणी कधी विचारलेच नव्हते. ती विचार करत राहिली. सूर्य डोंगराला टेकला.

"तुम्ही वाघ. मी शिकारी. हा बाण लागला. मरा!"

राजा धाडकन मेला. तेवढ्यात सेनापती धावत आला. "महाराज, शेजारच्या राज्याचा दूत आलाय!"

"त्याला सांगा," राजा डोळे मिटूनच म्हणाला, "आम्ही मेलो आहोत. उद्या या."

"मेलेला वाघ बोलतो!" कुंदकळी खुदकन हसली आणि मग हसतच सुटली. दगड तडातड फुटला. ती धावत येऊन वाघाच्या पोटावर बसली. राजाला रडू आवरेना.

"मेलेले वाघ रडत नाहीत," ती म्हणाली. "नीट मरा. पुन्हा!"

रात्रीचे पान वाढेपर्यंत राजा सतरा वेळा मेला. दुसऱ्या दिवशी राज्यात दवंडी पिटली गेली: दुधाचे दात पडेपर्यंत पोरांनी खेळायचे, आणि बाण लागला की थोरांनी बिनतक्रार मरायचे.