कोंडाईची माळ

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही जी ऐकूनच माहीत होती, अशी ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पोटाशी निरगुडदरा नावाचं गाव होतं. जमीन मुरमाड, पाणी बेताचं, पण अंजीर असं की एक खाल्लं तर दिवसभर बोटं चिकट राहावीत. त्या गावात कोंडाई नावाची बाई होऊन गेली. ती देवी नव्हती, साध्वी तर नव्हतीच. खरं सांगायचं तर तिच्याइतकी जळकी बाई पंचक्रोशीत झाली नाही, असं म्हणतात. आणि तरी आजही गाव तिचं नाव घेतल्याशिवाय अंजिराच्या बागेत पाऊल टाकत नाही. ते कसं, ते ऐका.

कोंडाईचा सासरा धोंडजी माळी. एकदा घोड्यांचा एक सौदागर घाट चढून आला आणि तापाने गावातच आडवा पडला. धोंडजीने त्याला महिनाभर घरात ठेवून घेतलं, पेज पाजली, उभा केला. बरा होऊन गेल्यावर सौदागराने घाटाखालच्या आपल्या तळावरून अंजिराच्या पंचवीस फांद्या पाठवल्या. चोवीस एका जातीच्या आणि एक निराळी. सोबत निरोप होता, की त्या एकीला मरू देऊ नका. का, ते निरोप आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

धोंडजीने बारा फांद्या ओढ्यालगत खाली लावल्या आणि बारा वर माळाला. ती निराळी फांदी खालच्या बागेच्या कडेला लावली. सगळ्यांच्या आधी तीच वाढली आणि तीच फळली, पण फळ कसलं, नुसता भुसा. फोडावं तर आतून बारीक काळी चिलटं निघत. दूध न देणारं जनावर म्हणून लोक त्या झाडाला रेडा म्हणू लागले.

म्हातारा गेला आणि दोन मुलांत वाटणी झाली. थोरली सून म्हणून कोंडाईने आधी निवड केली. बाकीची झाडं तेव्हा फळाला यायची होती, पण रेडा तर डोळ्यांसमोर होता. ती म्हणाली, "खालच्या बागेत त्यो रेडा हाय. फुकट जागा खाईल. ती द्या धाकटीला."

धाकटी जाऊ राही. बोलायला कमी, कामाला वाघीण आणि कुठल्याही गोष्टीकडे तासन् तास बघत बसायची खोड असलेली. तिने रेड्यासकट बाग घेतली आणि हूं की चूं केलं नाही.

पुढच्या चैत्रात खालची बाग पिकली. वरच्या बागेत, कोंडाईच्या झाडांना, फळं आली तशीच सुपारीएवढी झाली, पिवळी पडली आणि एकामागून एक गळाली. कोंडाई रोज सकाळी झाडूने ती गोळा करी आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच पुन्हा पडलेली असत. एकही पिकलं नाही.

आता गावची रीत अशी, की चैत्री पुनवेला दरजाईच्या देवळात बागेतल्या पहिल्या पिकल्या फळांची टोपली चढते. ती टोपली ज्या बाईच्या डोक्यावर, तिचा त्या वर्षी गावात मान. सासूने तो मान मरताना कोंडाईच्या पदरात घातला होता. पण टोपली रिकामी कशी न्यायची? ती राहीच्या डोक्यावर गेली. कोंडाई मागून हळदकुंकवाचं ताट घेऊन चालली आणि त्या दिवशी तिने पुरणाला हात लावला नाही.

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. वरच्या बांधावर उभी राहून ती खाली बघत बसे. राही हसली की हिला वाटे आपल्यालाच हसली. राहीने नवं लुगडं नेसलं की ही दोन दिवस डोकं बांधून पडे. झाडांना तिने शेण घातलं, राख घातली, ताक ओतलं. फांदीला काळी बाहुली बांधली. राहीच्या बागेतली माती ओच्यात भरून चोरून आणली आणि आपल्या झाडांच्या बुडाशी टाकली. दुसऱ्या वर्षीही फळं सुपारीएवढी झाली आणि गळाली.

तिचा नवरा बाळोजी शांत माणूस. तो म्हणाला, "आगं, झाडाला जळफळाटाचं खत चालत आसतं तर आपली बाग कवाच पिकली आसती." त्यावर कोंडाई त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. ते पंधरा दिवस बाळोजीला फार सुखाचे गेले, असं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी तिने सरळ खाली उतरून राहीच्या अंगणात ठाण मांडलं. "थोरली म्या. खालची बाग माजी. तू वर जा."

राहीने हातातलं सूप खाली ठेवलं. "बदलू की, जाऊबाई. फकस्त त्या रेड्याची फळं माघात मला नेऊ द्या."

"ने. मला काय त्येची भाजी करायचीय?"

बागा बदलल्या. माघ लागला तशी राही येऊन रेड्याची निम्मी फळं तोडून घेऊन गेली. अंबाडीच्या सुतळीत ती ओवून तिने माळा केल्या आणि वरच्या बागेत एकेका झाडाला बांधल्या. गाव हसलं. झाडांची लग्नं लावतीस का गं, असं येता जाता बाया विचारू लागल्या. राहीही त्यांच्याबरोबर हसली.

चैत्रात खालची बाग नेहमीसारखी पिकली, आणि वरचीही पिकली. जिथे दोन वर्षं एक फळ टिकलं नव्हतं, तिथे फांद्या वाकल्या.

मान कोंडाईकडे परत आला. तिने टोपली डोक्यावर घेतली, वाजतगाजत देवळात नेली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण पायरीवर बसून दोन्ही बागांचा प्रसाद खाताना गुरवाची म्हातारी बोलून गेली, "वरच्या बागंचं फळ वाईच गोड हाय, न्हाई?" झालं. कोंडाईचा तोंडातला घास कडू झाला. आपलं पिकलं याचं सुख तिला एक दिवसही झालं नाही, कारण राहीचंही पिकलं होतं.

घरी येऊन तिने हिशोब जुळवला. राहीने माळा बांधल्या म्हणून राहीचं पिकलं. म्हणजे त्या फळांत करणी आहे. करणी त्या झाडात आहे. वैशाखात तिने कुऱ्हाड घेतली आणि रेडा तोडला. बुंधा खणून काढला, मुळं वेचली, सगळं चुलीत घातलं आणि त्या जाळावर भाकरी भाजली. इतकी गोड भाकरी तिने आयुष्यात खाल्ली नव्हती, असं म्हणतात.

राही आली, तिने खड्डा बघितला. तिला नुकतेच दिवस गेले होते, रडत रडत खड्ड्याच्या काठावरच खाली बसली. "जाऊबाई," ती म्हणाली, "ह्ये तुमी माजं न्हाई, दोगींचं तोडलंत."

कोंडाईला ते नाटक वाटलं. राहीला रडवलं यातच ती खूश होती आणि पावसाळाभर खूश राहिली.

मग माघ आला. खालच्या बागेत फळं सुपारीएवढी झाली, पिवळी पडली आणि गळू लागली. तीन दिवसांत बाराच्या बारा झाडं रिकामी झाली. कोंडाई झाडाखाली उभी होती आणि तिच्या पदरावर, खांद्यावर, पायांवर फळं पडत होती. तिने झाडू हातात घेतला आणि न झाडताच खाली ठेवला.

वरची बाग थंड, तिथलं फळ आठ दिवस मागे असायचं. ते अजून हिरवं, घट्ट, फांदीवर होतं. कोंडाई जन्मात पहिल्यांदा राहीच्या दारात विचारायला म्हणून गेली. राही दहा दिवसांची बाळंतीण, बाजेवर निजलेली. तिने सगळं सांगितलं. रेड्याच्या फळातली चिलटं बाहेर येतात तेव्हा अंगाला पांढरी पूड माखून येतात आणि आपल्या बागेतल्या अंजिराच्या तोंडातून आत शिरतात. ज्यात शिरली ते फळ धरतं. ज्यात नाही शिरली ते गळतं.

"मंतर न्हाई न् काई न्हाई. म्या नुसती बघत बसले हुते."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलंत?"

कोंडाईला याचाही हेवा वाटला, की हिला दिसलं आणि मला दिसलं नाही. राही म्हणाली, "सौदागराच्या तळावर रेडा आसंल. तिथली फळं चार दिवसांत आली तर माजी झाडं वाचतील. पुरुष मानसं हसतात. चिलटांसाठी बारा कोस कोन जानार, म्हनतात. मला तर उठता यीना."

पहाटे भाकरी बांधून कोंडाई टोपली घेऊन निघाली. तिच्या मनात एकच होतं, आपल्या बांधावर लावायला रेड्याची फांदी आणायची. राहीच्या झाडांचं राही बघेल.

घाटाखाली सौदागराचा तळ कधीच मोडला होता. मातीच्या पडक्या भिंती आणि त्यांच्यामध्ये एकच झाड, फळांनी लगडलेला रेडा. कोंडाईने फांद्या तोडल्या. मग बराच वेळ झाडाकडे बघत राहिली, आणि फळंही तोडली. ओल्या फडक्यात गुंडाळून टोपली डोक्यावर घेतली.

घाट चढून खिंडीत आल्यावर तिने टोपली खाली ठेवली. समोर गाव दिसत होतं. उजव्या हाताला खोल दरी होती. फांदीला फळ धरायला तीन वर्षं लागणार होती. टोपलीतली फळं आज उपयोगाची होती ती फक्त राहीच्या झाडांना. म्हणजे आपण बारा कोस चालून, आपल्या हाताने, राहीच्या डोक्यावर मानाची टोपली ठेवणार. दरीत ओतली तर कुणाला कळणार नव्हतं. राहीचंही गळेल. यंदा कुणीच मिरवणार नाही. किती बरं वाटलं तिला त्या विचाराने. तिने टोपलीच्या कडा धरल्यासुद्धा.

पण तेवढ्यात तिला गळलेली फळं आठवली. दोन वर्षं झाडलेली आणि यंदा झाडता न आलेली. राहीचा तिला राग होता, झाडांचा नव्हता. ती झाडं तिच्या सासऱ्याने पोरांसारखी वाढवली होती आणि हिने खांद्यावर घागरी वाहून त्यांना पाणी घातलं होतं. तसं गळताना पुन्हा बघणं तिला सोसवेना, मग ते राहीचं का असेना. रागाने रडत रडत तिने टोपली परत डोक्यावर घेतली.

एव्हाना चिलटं फळांतून बाहेर निघू लागली होती. ती तिच्या कपाळावर बसली, गालांवर बसली, पापण्यांवर बसली. हात हलवला तर उडून जातील म्हणून तिने घाम पुसला नाही. बोललं तर तोंडात जातील म्हणून वाटेत भेटलेल्या माणसांना तिने जाब दिला नाही. कोंडाई चार कोस गप्प चालली, यावर गावाचा आधी विश्वास बसत नव्हता. बाईच्या डोक्याभोवती काळा ढग चालत होता, खाली नुसतं लुगडं दिसत होतं, असं म्हणतात. वारा सुटला होता, पण त्या ढगातलं एक चिलट हललं नाही.

ती थेट वरच्या बागेत गेली. बारा झाडांना बारा माळा बांधल्या. शेवटची बांधून झाली आणि तिने तोंड उघडलं. दिवेलागणीपर्यंत ती राहीला शिव्या देत होती. तुझ्या झाडाला लागू दे मेले, फांद्या मोडेस्तोवर लागू दे, आन् ते बघायला मला जित्ती ठेव. राही बाजेवर पडून ऐकत होती. ज्या फांदीखाली शिवी पडली, ती फांदी दुप्पट फळली, असं म्हणतात. त्या वर्षी एक अंजीर मुठीत मावत नव्हतं.

पुनवेला राही टोपली घेऊन कोंडाईच्या दारात आली. "जाऊबाई, मान तुमचा. घ्या."

"तुज्या झाडाचं फळ माज्या डोक्यावर कशाला? मला माजं पायजे." कोंडाईने ताट उचललं आणि मागून चालली. तोंड एवढंसं करून चालली, पण चालली.

फांद्या तिने दोन्ही बागांच्या मधल्या बांधावर लावल्या. तीन वर्षांनी त्या फळल्या. त्या माघात कोंडाई माळा घेऊन आपल्या बागेत गेली तर पहिल्या झाडाला आधीच माळ बांधलेली होती. राही येऊन गेली होती. कोंडाई त्या झाडाखाली बसून राहिली, किती वेळ ते कुणी सांगत नाही. चैत्रात मानाची टोपली तिच्या डोक्यावर चढली. स्वतःच्या झाडाची. देवळाची पायरी चढताना तिने वळून पाहिलं, राहीची टोपली मोठी आहे का. होती, असं म्हणतात.

आज निरगुडदऱ्यात बांधाबांधावर रेडा आहे. माघात माळा ओवतात, आणि पहिली माळ कुणी आपल्या झाडाला बांधत नाही. ज्याची बाग बघून आपल्या पोटात दुखतं, त्याच्या झाडाला ती बांधायची. ज्याच्या बागेत एकही परकी माळ येत नाही, तो माणूस खिन्न होऊन घरी बसतो. बांधताना कोंडाईचं नाव घ्यायचं आणि मग मनात असेल ते मोठ्याने बोलायचं. शिव्या दिल्या तरी चालतात. मालक बांधाआड उभा राहून ऐकतो, उलट बोलत नाही. नियम एकच आहे. शिवी कितीही द्या, गाठ सैल मारायची नाही.