नावाड्याच्या बायकोचा उन्हाळा

नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता, आणि उन्हाळा जवळ आला की त्याच्या बायकोचं डोकं उठायचं.

तिचं नाव साळू. नावाड्याचं नाव धोंडू. त्यांना दोन मुलं होती, थोरली येसू दहा वर्षांची आणि धाकटा म्हादू सहा वर्षांचा. नदी भरलेली असायची ते आठ महिने घर सुरळीत चालायचं. धोंडू माणसं, गुरं, पोती या काठावरून त्या काठावर न्यायचा आणि संध्याकाळी कनवटीचे पैसे साळूच्या हातात ठेवायचा. साळू ते एका गाडग्यात टाकायची. पण फाल्गुन सरला की नदी आटायची. लोक गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जायचे. मग नावेला कोण विचारतो? नाव वाळूत पालथी पडायची आणि धोंडू घरात आडवा.

खरा त्रास तिथून सुरू व्हायचा. धोंडू मनाने मोठा आणि स्वभावाने हौशी. रिकामा माणूस, रिकामी मुलं आणि भरलेलं गाडगं. दारावर वाळ्याचं सरबत विकणारा आला की चार पेले. अस्वलवाला आला की त्याला दोन आणे. कोणी म्हणालं, शेजारच्या गावात डोंबाऱ्याचा खेळ आहे, की बैलगाडी भाड्याने घेऊन सगळे निघाले.

साळू म्हणायची, "अहो, अजून तीन महिने काढायचेत."

धोंडू म्हणायचा, "उन्हाळा एकदाच येतो गं वर्षातून."

"दरवर्षी येतो," साळू म्हणायची. पण तोवर तो अंगणाबाहेर पडलेला असायचा.

मागच्या वर्षी याचं फळ मिळालं. आषाढाच्या तोंडावर नावेच्या फटी बुजवायच्या, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, वर राळ आणि तेल चढवायचं, तर गाडग्यात खडखडाट. धोंडूने फटींत चिंध्या कोंबल्या आणि नाव तशीच पाण्यात घातली. ऐन श्रावणात वाण्याची मिठाची चार पोती नेताना नदीच्या मध्यावर चिंध्या सुटल्या. धोंडू आणि वाणी ओंजळींनी आणि पागोट्यांनी पाणी उपसत कसेबसे काठाला लागले. माणसं वाचली. पोती हातात घेतली तर नुसती गोणपाटं उरली होती.

गावच्या पाटलांनी धोंडूला चावडीवर बोलावलं. ते म्हणाले, "आज मीठ गेलं. उद्या कोणाचं लेकरू जाईल. पुढच्या पावसाळ्यात नाव सुटण्याआधी मी स्वतः ती बघणार. फळ्या नव्या नसतील, तर हा घाट दुसऱ्या नावाड्याला देईन."

घाट गेला म्हणजे सगळंच गेलं. त्या नदीवर दुसरा घाट नव्हता आणि धोंडूला दुसरं काम येत नव्हतं.

म्हणून या वर्षी होळी होताच साळूने सुताराला बोलावून नाव दाखवली. तो म्हणाला, "तीन फळ्या, राळ, तेल आणि माझी मजुरी. पंचवीस रुपये धर." गाडग्यात एकतीस होते. दाणे कणगीत होते. साळूने गाडग्याचं तोंड फडक्याने बांधलं, ते उतरंडीच्या तळाशी ठेवलं आणि घरात जाहीर केलं, "या उन्हाळ्यात कोणी कुठे जायचं नाही. काही मागायचं नाही. गंमत बंद."

आणि तिने खरोखरच सगळं बंद केलं. सरबतवाल्याला तिने कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. मुलं नदीवर निघाली की म्हणायची, "नको, तिथे काकडीवाले बसतात, मागत बसाल." आमराईत निघाली की, "नको, कपडे फाटतील, नवे कुठून आणू?" धोंडू पारावर जाऊन बसला तर त्याच्या मागोमाग जाऊन उभी राहायची, कारण पारावर बसलेली माणसं शेवटी कुठेतरी जायचं ठरवतात, हा तिचा अनुभव होता. पंधरा दिवस असे गेले. म्हादू दिवसभर कुरकुर करायचा. येसू बोलेनाशी झाली. धोंडू आढ्याकडे बघत पडून राहायचा आणि दर थोड्या वेळाने मोठा सुस्कारा सोडायचा, तो साळूला ऐकू जाईल असा. साळूला वाटायचं, गाडगं राखणं परवडलं, पण ही तीन तोंडं बघणं नको.

चैत्रात पलीकडच्या गावची जत्रा सुरू झाली. एके सकाळी धोंडू म्हणाला, "मुलांना देवाच्या पाया पडायला नेतो. पैसे नकोत." साळूने नीट निरखून पाहिलं. त्याचे दोन्ही हात रिकामे होते, कनवटही रिकामी होती. तिने जाऊ दिलं.

दुपार कलताना तिघं परत आली. मुलांच्या जिभा गुलाबी होत्या. म्हादूच्या हातात कागदाचं भिरभिरं होतं.

साळूने आधी उतरंड उतरवून गाडगं पाहिलं. फडक्याची गाठ तिनेच मारलेली होती, तशीच होती. मग ती घरभर हिंडली, गोठ्यात गेली, आणि शेवटी तिचं लक्ष माळ्याकडे गेलं. नावेची दोन्ही वल्ही तिथे असायची. ती नव्हती.

"वल्ही कुठायत?" तिने विचारलं.

धोंडूने खाली बघत सांगितलं, "पहाटेच काढून कुंपणाबाहेर ठेवली होती. पाळणेवाल्याकडे गहाण टाकली. दोन रुपयांना. आत्ता कुठे नाव चालवायचीय?"

साळू ओट्यावर मटकन बसली. रडावं, ओरडावं की उठून माहेरी निघून जावं, तिला कळेना. "मी फळ्यांसाठी पैसा पैसा धरून बसलेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही वल्ही दिलीत. आता नव्या फळ्यांची नाव काय हाताने ढकलणार आहात?"

उत्तर दिलं ते येसूने. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती आईकडे सरळ बघून बोलली.

"आई, आम्ही जत्रा मागितली नव्हती. आम्ही नदी मागितली होती. नदीला कुठे पैसे पडतात? तू तीही बंद केलीस."

साळूने तिला गप्प बस म्हणून दटावलं. पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिने धोंडूला जत्रेत पिटाळलं. म्हणाली, "वल्ही घेऊनच घरी या. गाडग्यातला एक पैसा मिळणार नाही. कसं सोडवायचं ते तुम्ही बघा." धोंडूने पाळणेवाल्याच्या विनवण्या केल्या. पाळणा हाताने फिरवावा लागायचा आणि त्याचा एक गडी आजारी पडला होता. तो म्हणाला, "चार दिवस पाळणा फिरव आणि वल्ही घेऊन जा."

धोंडू पाळणा फिरवू लागला. दुपारी साळू मुलांना घेऊन त्याची भाकरी पोचवायला गेली. भर उन्हात गिऱ्हाईक नव्हतं. पाळणेवाला मुलांना म्हणाला, "बसा रे वर. रिकामा पाळणा बघून कोणी येत नाही." मुलं बसली. घामाने निथळणारा धोंडू त्यांना फिरवत होता आणि मुलांइतकाच तोही हसत होता. म्हादू वरून खिदळत होता. साळू भाकरीचं फडकं हातात धरून बघत राहिली. काल याच पाळण्याला पैसे मोजले होते. आज धोंडूला उलट मजुरी मिळत होती आणि हसणं कालच्यापेक्षा कमी नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि पंधरा दिवस आपण उगाच सगळ्यांना कोंडून ठेवलं याचा रागही आला. तो राग स्वतःवरचा असल्यामुळे काढायचा कोणावर, हेही समजेना.

चौथ्या दिवशी वल्ही घरी आली. साळूने सगळ्यांना समोर बसवलं.

"गाडग्याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं मोकळं. रोज एकाने गंमत शोधायची. फुकटची. आणि मला विचारत बसू नका, माझं डोकं आधीच दुखतंय."

पहिली पाळी येसूची होती. ती सगळ्यांना नदीवर घेऊन गेली. तिथे साळूलाच आपलं लहानपण आठवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत ती वाळू उकरायला बसली. कोपरभर खणल्यावर खालून गार, नितळ पाणी झिरपू लागलं. मुलं खड्ड्यात तोंड घालून प्यायली. मग धोंडूने पालथी नाव एका बाजूने उचलून खाली दगड लावले. त्या सावलीत चौघं दुपारभर पडून राहिली. धोंडूला नदीवरच्या माणसांच्या शंभर गोष्टी माहीत होत्या. घरात तो त्या कधी सांगत नसे, कारण घरात तो नेहमी कुठेतरी जायच्या तयारीत असे.

त्यानंतर उन्हाळा पळू लागला. कधी डोहात पोहणं, कधी आमराईत सूरपारंब्या, कधी पडलेल्या कैऱ्या वेचून त्यांचं पन्हं. म्हादूच्या पाळीला त्याने सगळ्यांना दिवसभर लंगडत चालायला लावलं. साळू विहिरीवरही लंगडत गेली आणि बायका हसल्या, तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भांडणंही झाली. म्हादू दोनदा पडला, आणि धोंडू अधूनमधून "एखादा पेला सरबत" असं पुटपुटायचाच. पण गाडगं तसंच राहिलं.

खरी परीक्षा वैशाखाच्या शेवटी आली. वाण्याने गावात दवंडी पिटवली की डोंगरावरच्या थंड बागेत चार दिवसांसाठी गाड्या निघणार आहेत. राहणं, जेवण, आंब्याचा रस, रोज तमाशा. एका घराला आठ रुपये. आळीतली सगळी घरं निघाली. म्हादूचे सवंगडी दोन दिवस त्याच्यासमोर बागेचंच बोलत होते. धोंडू तर गाडीला कोणते बैल जुंपणार, हेही विचारून आला.

तिघंही साळूच्या मागे लागली. ती नाही म्हणून थकली. तिसऱ्या दिवशी तिने उतरंड उतरवली, गाडगं आणून तिघांच्या मधोमध ठेवलं आणि फडक्याची गाठ स्वतः सोडली.

"राखण करून मी कंटाळले," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं मीच नाही म्हणायचं आणि तुम्ही मला वाईट म्हणायचं. यात एकतीस आहेत. सुताराचे पंचवीस. आता तुम्हीच काय ते ठरवा. मी पाणी आणायला चालले."

ती घागर घेऊन बाहेर पडली, पण पाय उचलेना. ती कुडाच्या आडोशाला उभी राहिली.

आत म्हादू म्हणाला, "आपण जाऊ या. पाटलांना सांगू, फळ्या पुढच्या वर्षी."

येसू म्हणाली, "आठ गेले तर तेवीस राहतात. सुतार दोन फळ्या बदलेल. तिसरी फुटली तर?"

धोंडूने गाडग्यात हात घातला होता. आतली नाणी वाजलेली साळूला ऐकू आली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"त्या दिवशी मध्यावर पाणी आत यायला लागलं," धोंडूचा आवाज आला, "तेव्हा वाणी मला विचारत होता, धोंडू, मला पोहता येत नाही, मी काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही." मग तो म्हणाला, "म्हादू, नाही जायचं आपण. तुला रडायचं असेल तर रड."

म्हादू रडला. चांगला पोटभर रडला. गाड्या निघाल्या त्या सकाळीही तो उंबऱ्यावर बसून हुंदके देत होता. साळूने त्याला दटावलं नाही. तिने भाकऱ्या आणि वांगी फडक्यात बांधली. नदीच्या पात्रात एक लहानसं बेट होतं, चौघं पाण्यातून चालत तिथे गेली. चार वांगी विस्तवात भाजली. धोंडू तेल आणायला विसरला होता. भरीत कोरडंच झालं आणि साळू त्यावरून त्याला तासभर बोलत होती. पण दुपारपर्यंत म्हादू बेटाचा पाटील झाला होता आणि सगळ्यांना वाळूची शेतं वाटून देत होता. पुढचे तीन दिवसही त्याने तेच बेट मागितलं.

जेठात सुतार आला. जुन्या फळ्या काढल्या तेव्हा तिसरी फळी त्याच्या हातात भुगा होऊन आली. ती धोंडूला दाखवून तो म्हणाला, "ही राहिली असती तर तू या वर्षी काठाला लागला नसतास." धोंडूने तो भुगा उचलला आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

नदी दुथडी भरली तेव्हा पाटील आले. त्यांनी नावेत उतरून वाकून प्रत्येक फळी दाबून पाहिली, मग म्हणाले, "चल, पलीकडे ने मला." धोंडूने नाव सोडली. मागे साळू आणि मुलं बसली होती. मध्यावर पाटलांनी पायाखाली पाहिलं. तळ कोरडा होता. "घाट तुझाच," ते म्हणाले.

साळूने महिनोन् महिने कोंडलेला श्वास सोडला. घाट राहिला होता, नाव चालू झाली होती, गाडग्यात अजून सहा रुपये होते आणि आता आठ महिने कमाईचे होते.

तेवढ्यात म्हादूने तिचा पदर ओढला. तो खळाळत्या पाण्याकडे तोंड पाडून बघत होता.

"आई," त्याने विचारलं, "नदी परत कधी आटणार?"

साळूने कपाळावर हात मारून घेतला. धोंडूने वल्हं मारता मारता मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती.

तात्पर्य: पैसा वाचवायचा असेल तर खर्च थांबवावा, मुलांचं हसणं थांबवू नये, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून राखलेला पैसाच टिकतो.