सकाळची खूण

शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर माफ करा. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

फार जुन्या काळी एका डोंगरावर एक तळे होते आणि पायथ्याशी दुसरे. खालच्या तळ्याकाठी गाव होते. तिथल्या बायकांचा अर्धा दिवस जात्यावर दळण्यात जाई.

गावात एक हुशार सुतार होता. त्याने डोंगरावर पवनचक्की उभी केली. रात्रभर वारा सुटे आणि पवनचक्की खालचे पाणी वरच्या तळ्यात चढवी. दुपारी वारा पडला की सुतार वरच्या तळ्याचे दार उघडी. पाणी धो धो खाली येई, लाकडी चाक फिरे आणि साऱ्या गावाचे दळण होई. बायका त्याला दुवा देत.

सुताराने वरच्या काठावरच्या खडकावर एक खूण कोरली होती. रोज सकाळी तो वर जाई, पाणी खुणेला टेकलेले पाही आणि खूश होऊन परते.

वरच्या तळ्याकाठी एक कोळीण राहत होती. दुसऱ्या वर्षी तिचे जाळे रिकामे येऊ लागले. ती सुताराकडे गेली.

“सुतारदादा, तळ्यातले मासे संपत चाललेत. असंच राहिलं तर मला झोपडी मोडून जावं लागेल.”

“अगं बाई, तुझं पाणी मी पितो की काय? जेवढं घेतो तेवढं परत देतो. रोज सकाळी खूण बघतो मी!”

“सकाळीच बघता ना? आज दिवेलागणीला या. आणि पायात काही घालू नका.”

सुतार दिवेलागणीला गेला. पाणी पुरुषभर खाली उतरले होते. सकाळी जिथे काठ होता तिथे नुसता चिखल होता आणि पाणगवत आडवे पडले होते. टिबुकलीचे तरंगते घरटे चिखलात कलंडले होते. चालताना सुताराच्या तळव्यांना भिजवून वाळत आलेल्या साबुदाण्यासारखे काहीतरी लागले.

“हे काय गं पायाखाली?”

“मासे. पुढच्या वर्षीचे,” कोळीण म्हणाली. “मासळी उथळ पाण्यातल्या गवताला अंडी चिकटवते. संध्याकाळपर्यंत ती वाळतात. रात्री तुम्ही पाणी परत आणता, पण वाळलेलं अंडं भिजवून काय उपयोग?”

सुतार खाली बसला. “चाक बंद केलं तर बायका पुन्हा जात्याला जुंपल्या जातील.”

“बंद करा कोण म्हणतंय? ते पीठ मीही खाते की! त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त गवत आहे. तेवढंच पाणी अडवा.”

बांध घालायचा तर तळे उतरलेलेच ठेवावे लागणार होते, म्हणजे आठ दिवस चाक बंद. सुताराने गावाला पारावर बोलावले आणि सगळ्यांसमोर सांगितले, “चूक माझी. मी तळं भरलेलं असतानाच बघत राहिलो.”

मागून एक जण ओरडला, “आठ दिवस चाक बंद? माशांनी दळण आणलंय का रे तुझ्याकडे?”

लोक हसले. सुताराची मान खाली गेली. तेवढ्यात एक बाई उठली. “जाती काही आम्ही विहिरीत टाकली नाहीत. दळू आठ दिवस. टोमणे मारणाऱ्यानं मात्र आपलं आपण दळावं!”

आता लोक आणखी मोठ्याने हसले, आणि दुसऱ्या दिवशी दगड उचलायला वर गेले.

बांधाचा माथा खुणेच्या चार बोटे खाली ठेवला. त्यामुळे तळे भरले की रोज बांधावरून ताजे पाणी आत येई, आणि तळे उतरले तरी कोपरा भरलेला राही. सुताराने खडकावर खाली दुसरी खूण कोरली. पाणी तिथवर उतरले की तो दार लावी, मग थोडे दळण उद्यावर गेले तरी चाले.

सगळा काठ काही हिरवा झाला नाही. पण पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात बोटाएवढ्या माशांचे थवे फिरू लागले. टिबुकलीने नवे घरटे बांधले. कोळिणीने नव्या गवताने झोपडी शाकारली.

तात्पर्य: घेतले तेवढे परत दिले म्हणून नुकसान टळतेच असे नाही, मधल्या वेळात कुणाचे काय वाळले, तेही जाऊन पाहावे.

आमच्या वाडीच्या तळ्यावर पंप चालवायचे काम माझ्याकडे आहे. ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पंप बंद केल्यावर, मी चपला काढल्या आणि काठाकाठाने एक फेरी मारली.