तेलाच्या विहिरी आणि तलवारीची मूठ

रणधवल राजापुढे खरं बोलायची सोय नव्हती. तेलविहिरींच्या मालकांना अनुदान देता देता राज्याची धान्याची कोठारं रिकामी झाली, असं बोललेल्या कारभाऱ्याला त्याने तेलाच्याच विहिरीत ढकललं होतं. आज शेजारची चार राज्यं हिंडून आलेला दूत सिदोजी दरबारात उभा होता.

"शेजारी अनुदान देतात ना?" राजा गरजला. "मग आम्हीच का थांबवायचं?"

सिदोजी म्हणाला, "महाराज, चारही राज्यांचे सरदार इथेच बसलेत. त्यांचे हात तलवारीच्या मुठीवर का आहेत, एवढं विचारा."

राजाने विचारलं. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, "त्याचा आहे म्हणून." दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने चौथ्याकडे. चौथा चाचरत म्हणाला, "महाराजांचा आहे म्हणून."

राजाने खाली पाहिलं. त्याचा हात मुठीवरच होता.

"अनुदान का देता, याचंही मला चारही राजांकडून हेच उत्तर मिळालं," सिदोजी म्हणाला.

"आणि मी हात काढला, पण यांनी नाही काढला तर?"

"तर ती विहीर आहेच, महाराज. मला ढकला."

राजाने सावकाश हात उचलून मांडीवर ठेवला.

एकामागून एक, चारही हात खाली आले.

"चारही राजांना पत्रं लिहा, की सगळे एकाच दिवशी अनुदान थांबवू," राजा कारकुनाला म्हणाला. सिदोजी मात्र त्या विहिरीला लांबूनच वळसा घालून घरी गेला.